अगं, टायर सडलेले नाहीत

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून नीट बघितले. पुढचं डावं चाक, मागचं डावं चाक, आणि तो एक अगदी जवळून काढलेला, ज्यात टायरवरची उठावाची अक्षरंही वाचता येतात. आधी एवढं ऐक, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. टायर सडलेले नाहीत. डुप्लिकेटही नाहीत. "मॅडम, रबर संपलं, चारही बदलून टाका" असं ज्याने तुला सांगितलं, त्याने खाली वाकून टायरला हात तरी लावला होता का? नुसता रंग बघून कुणी टायर बदलायला सांगितला तर आधी कारण विचारायचं. वीस हजारांच्या घरातला खर्च आहे तो. हप्ता तू भरतेस, मग प्रश्नही तूच विचारायचे. आणि मला विचारताना तुला संकोच वाटला म्हणतेस, तो तर अजिबात करू नकोस. एवढ्या कष्टाने घेतलेली पहिली गाडी, पांढरीशुभ्र, आणि तिच्या चाकांना ती मळकट तपकिरी झाक. धुतली की दोन दिवस बरी, की पुन्हा आहे तशीच. कुणालाही खटकेल.

आता ते तपकिरी आहे काय, ते सांगते. हे एकदा समजलं की काय लावायचं आणि काय नाही, हे तुझं तुलाच कळेल.

ऊन रबराचं वाईट करतं हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच्याइतकाच वाईट एक शत्रू हवेतच असतो, ओझोन. आकाशात उंचावर तो आपल्याला वाचवतो. पण जमिनीलगत, गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जो ओझोन तयार होतो, तो रबराच्या मुळावर येतो. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात. ओझोन त्या साखळ्या जागोजागी तोडत जातो आणि टायर जिथे ताणला जातो तिथे बारीक चिरा पडायला लागतात. हे होऊ नये म्हणून टायर बनवतानाच रबरात एक संरक्षक रसायन मिसळतात. सगळ्यात जास्त वापरात असलेलं म्हणजे सिक्स-पीपीडी. टायरच्या वजनात ते जेमतेम एक-दोन टक्के असेल. ते रबरात एका जागी बसून राहत नाही, आतून हळूहळू वर सरकत राहतं. वर आलं की ओझोनशी आधी त्याचीच गाठ पडते, रबराच्या वाटेचा मार ते खातं आणि त्यात खर्ची पडतं. खर्ची पडून जे उरतं ते तपकिरी असतं. तुझ्या टायरवर दिसतंय ते हेच.

त्याच्या जोडीला मेणही असतं. दुधावर साय धरावी तसं ते वर येऊन पातळ थर धरतं, आणि गाडी उभी असताना तो थर ओझोनला अडवून ठेवतो. चाक फिरायला लागलं, टायरच्या बाजू दबायला-फुगायला लागल्या की त्या थराला तडे जातात. तिथून पुढची राखण सिक्स-पीपीडीकडे. चाक फिरत राहिलं तर आतला नवा साठा वर येत राहतो. म्हणून तर वर्षभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला, नक्षी नव्यासारखी असूनही, बाजूने चिरा पडलेल्या दिसतात. टायरच्या धंद्यात या तपकिरी येण्याला ब्लूमिंग म्हणतात. दुकानात गेलीस तर हाच शब्द वापर, समोरचा माणूस लगेच नीट बोलायला लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव, कारण पुढे ती उपयोगी पडेल. टायर मुळात काळा नसतो. जॉन डनलॉपने १८८८ साली बेलफास्टला हवेचा टायर केला, त्यानंतरही बरीच वर्षं टायर फिकट रंगाचेच असत. मिशेलिन कंपनीचा तो गुबगुबीत पांढरा माणूस तू पाहिला आहेस ना? तो १८९८ सालचा आहे. टायरवर टायर रचून केलेला, आणि तेव्हाचे टायर फिकट होते म्हणून तो पांढरा. काळेपणा आला तो नंतर, कार्बन ब्लॅक म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी रबरात मिसळायला लागले तेव्हा. त्याने टायर कितीतरी पट टिकाऊ झाले, उन्हालाही दाद देईनासे झाले. म्हणजे काळा रंग रबरात आरपार मुरलेला असतो, वरून दिलेला नसतो. वरची तपकिरी निघाली की खाली काळाच टायर आहे. त्यामुळे "टायर ब्लॅक" नावाचा काळा रंग कुणी बाटलीतून दाखवला तर सरळ नको म्हण. तपकिरीवर रंग चोपडला तर तो पोपड्यांनी निघतो आणि मग दुप्पट घाण दिसते.

पण सगळंच तपकिरी काही ब्लूमिंगचं नसतं, आणि तुझ्या बाबतीत तर नक्कीच थोडी सरमिसळ आहे. तू महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून सावंतवाडीला जातेस. आंबोलीचा घाट उतरलीस की जांभ्याची तांबडी माती सुरू. त्या मातीत लोह असतं, तिचा तांबूसपणा त्याचाच. आणि ती पावसात भिजून टायरच्या अक्षरांत आणि नक्षीच्या खाचांत जी बसते, ती वाळली की विटकरी होते. ती ओळखायला सोपी. ओलं पांढरं फडकं फिरव. तांबूस चिखल फडक्यावर आला आणि टायर तिथे काळा दिसायला लागला, तर ती माती होती. साध्या पाण्याने आणि ब्रशने जाते. तिसरा प्रकार रिमच्या कडेला दिसतो, ब्रेकच्या भुकटीचा. ब्रेक पॅड आणि लोखंडी डिस्क झिजून जी भुकटी उडते, ती तिथे चिकटून गंजते. पुढच्या चाकांना जास्त, कारण ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो.

आणि चौथा प्रकार, जो मला तुझ्या त्या जवळच्या फोटोत स्पष्ट दिसतो. टायरच्या वरच्या भागावर बोटभर रुंदीचे ओघळ आहेत, मधे चकचकीत आणि कडेला मळकट. ते पॉलिशचे आहेत. वॉशिंग सेंटरला गाडी दिली की शेवटी ते ब्रशने काहीतरी तेलकट फासतात आणि चाकं लखलखीत करून देतात. दिसायला छान वाटतं. पण तो तेलकट थर वाळत नाही, रस्त्यावरची धूळ धरतो, आतून वर येणारी तपकिरीही त्यातच अडकते, आणि पुढच्या वेळी न धुता त्यावरच दुसरा थर चढतो. बोट फिरवून बघ. चिकट लागलं की समज. तुझी तपकिरी "हट्टी" झालीय ती यामुळे. साधी तपकिरी इतकी चिवट नसते.

आता काढायची कशी.

सकाळी लवकर कर, सोसायटीच्या सावलीच्या बाजूला. टायरला हात लावून बघ, गार लागला पाहिजे. लांबून आल्या आल्या तापलेल्या चाकावर काहीही फवारायचं नाही. ते लगेच वाळतं, डाग सोडतं, आणि तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतणंही चांगलं नाही. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. पुढची चाकं करताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेव, म्हणजे अख्खं चाक बाहेर येतं आणि मडगार्डखाली हात घालावा लागत नाही. मागच्या चाकांचा वरचा भाग झाकलेला राहतो. तो धुवायला गाडी अर्धं चाक पुढे घे. हे कुणी सांगत नाही, आणि मग वरची चतकोर पट्टी तशीच तपकिरी राहते.

सामान फार लागत नाही. कपडे धुवायचा नायलॉनचा ताठ ब्रश, एक जुना टूथब्रश, दोन बादल्या पाणी, एक मग, दोन-तीन जुनी फडकी, हातमोजे. आणि क्लीनर. गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात टायर क्लीनर मिळतो, नाहीतर ऑल पर्पज क्लीनर मिळतो, दोन्ही चालतात. ऑल पर्पज घेतलास तर तो घट्ट असतो, पाणी घालून सौम्य करायचा. टायरसाठी साधारण एकास चार पाणी, पण बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळ. भांडी घासायच्या लिक्विडने धूळ निघेल, ही तपकिरी आणि हे जुनं पॉलिश निघणार नाही, त्याला थोडा अल्कधर्मी क्लीनरच हवा. आणि लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून घासायचं जे कुणी सांगतं, त्यात एकाने दुसऱ्याचा जोर मारला जातो. फेस येतो तेवढाच.

आधी नुसत्या पाण्याने माती काढून टाक. मग एकाच चाकावर क्लीनर फवार. चारही चाकांवर एकदम नको, शेवटच्या चाकाशी जाईपर्यंत पहिलं वाळतं. फवारलंस की मिनिटभर थांब आणि बघत राहा. तपकिरी ओघळ आपोआप खाली उतरायला लागतील. ते बघितलं की तुला कळेल की घासायला जोर लागणार नाही, वेळ लागणार आहे. आता ब्रश भिजवून गोल गोल फिरव, मग टायरच्या गोलाईच्या दिशेने. फेस आधी गडद तपकिरी येईल. धुऊन टाक. पुन्हा फवार, पुन्हा घास. आता फेस पिवळट येईल. तिसऱ्या वेळी बहुधा पांढरा. फेसाचा रंग हीच तुझी खूण. फेस पांढरा झाला की थांबायचं, मग टायर ओला असताना कसाही दिसो. पॉलिशचे थर खूप जुने असतील तर एका दिवसात पांढरा होणारही नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यावर टाक. अक्षरांच्या कडा आणि रिमला टेकणारी ती बारीक गोल खाच, तिथे टूथब्रश. एवढं करून एखादा ठिपका राहिलाच तर तो पांढरा मॅजिक स्पंज ओला करून हलक्या हाताने फिरव.

धुताना पाणी वरून सोड आणि रिमही धुऊन घे, क्लीनर रिमवर वाळू देऊ नकोस. कुठे प्रेशर पंप मिळाला तर नळी टायरपासून हातभर तरी लांब धर. अगदी जवळून तो मारा टायरच्या बाजूवर बसला तर आत इजा होऊ शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. सगळं झालं की फडक्याने पूस आणि वाळू दे. वाळल्यावर टायर मंद काळा दिसेल, चमक नसलेला. नवा टायर असाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस गंजाची झाक दिसली तर घाबरू नकोस. ओल्या लोखंडावर ती येतेच. पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जाते. फक्त धुतल्यानंतर गाडी काढशील तेव्हा सोसायटीतच हळू चालवत दोनदा ब्रेक दाबून बघ आणि मगच रस्त्याला लाग.

आता जे करायचं नाही ते. इथे मी थोडी कडक होणार आहे, कारण तू काल फोनवर रॉकेलचं नाव घेतलंस. रॉकेल नाही, डिझेल नाही, पेट्रोल नाही, आणि गॅरेजमधलं जुनं काळं ऑइल तर मुळीच नाही. कितीतरी ठिकाणी चाकं काळी दिसावीत म्हणून डिझेलचा बोळा फिरवतात. तपकिरी क्षणात जाते हे खरं, कारण वर आलेलं रसायन आणि मेण त्यात विरघळून निघून जातं. पण ही तेलं रबरात शिरतात, रबर फुगतं, मऊ पडतं. आतलं जे पाच-सात वर्षं पुरवायचं होतं तेही ओढून बाहेर काढतात. टायर जो काही महिने छान दिसतो, त्याला नंतर जाळीसारख्या चिरा पडतात. संडासचं ॲसिडही नको. ते रबरापेक्षा आधी रिमला, नटांना आणि डिस्कला खातं. ब्लीच नको. आणि ब्लीचने जमलं नाही म्हणून त्यावर ॲसिड, हे तर स्वप्नातही करू नकोस; दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. तारेची घासणी आणि तारेचा ब्रश स्वयंपाकघरात आणि वर्कशॉपमध्येच राहू दे.

आणि दर रविवारी घासत बसू नकोस, हेही सांगते. तुझा स्वभाव मला माहीत आहे. टायरमधला संरक्षक साठा काही न संपणारा नाही. तुझ्या नजरेला जो डाग दिसतो तो टायरचं काम चालू असल्याची खूण आहे. एरवी गाडी धुताना टायरला साधा शाम्पू आणि पाणी बास. असं खोल धुणं दोन-तीन महिन्यांतून एकदा. पावसाळ्यात तर त्याहूनही कमी, तेव्हा मातीच काढत राहा.

पॉलिश हवंच असेल तर? मला ते लागत नाही, पण तुला चाकं जरा गडद आवडतात, त्यात वाईट काही नाही. बाटलीवर पाण्याच्या बेसचं, म्हणजे वॉटर-बेस्ड, लिहिलेलं घे. दुधाळ पांढरं असतं, वाळल्यावर मंद दिसतं, आरशासारखं चमकत नाही. पातळ, चिकट, वास मारणारं आणि ओलसर चकाकणारं जे असतं ते टाळ. ते बहुतेक पेट्रोलियमच्या द्रावणात असतं. थेंबभर स्पंजवर घेऊन धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या टायरच्या बाजूला लाव, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घे. पुसायचं टाळलंस तर गाडी चालल्यावर ते उडून तुझ्या पांढऱ्या दारावर ठिपके होतात. आणि वॉशिंग सेंटरला गाडी देताना आधीच सांग, टायरला काही लावू नका. ते ऐकतात, फक्त आधी सांगायला लागतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. रस्त्याला टेकणारा जो नक्षीचा भाग आहे, त्याला पॉलिशचा थेंबही लागता कामा नये. आणि आईच्या स्कूटरच्या टायरला तर काहीच लावायचं नाही, बाजूलासुद्धा नाही. गाडीचं चाक उभं राहून वळतं, स्कूटर मात्र वळणावर कलते आणि टायरचा खांद्याकडचा भाग रस्त्याला लागतो. तिथे पॉलिश असेल तर स्कूटर सरळ घसरते. तुझ्या उत्साहात तू तिच्या स्कूटरकडे वळशील असं मला वाटलं, म्हणून लिहिलं. स्कूटरचं चाक साबण-पाण्याने धू, पूस, आणि तसंच ठेव.

हातमोज्यांचं मी वर सहज लिहून गेले, पण त्याला कारण आहे. आईला काळा डाय लावला की कपाळावर पुरळ उठायचं, आठवतं? काळ्या डायमध्ये बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन असतं, पीपीडी म्हणतात ते. टायरमधलं सिक्स-पीपीडी त्याच कुळातलं. ज्यांना डायची ॲलर्जी असते त्यांच्यातल्या काहींना काळ्या रबराचीही होते. तुझी कातडी आईवर गेलीय, तेव्हा नायट्राइलचे मोजे घाल, ते निळे मिळतात औषधाच्या दुकानात. हाताला तपकिरी लागली तर लगेच साबणाने धू, डोळे चोळू नकोस. आणि हे फडकं घरातल्या फडक्यांत मिसळू नकोस, गाडीचं ते गाडीचंच.

ते पाणी कुठे सोडायचं, हाही विचार कर. अमेरिकेत सिएटलच्या आसपास कोहो सामन नावाचे मासे समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला येतात. पाऊस पडला की ते अंडी घालायच्या आधीच मरून पडायचे, वर्षानुवर्षं, आणि कारण सापडत नव्हतं. पावसाच्या पाण्यातलं एकेक रसायन वेगळं करत करत संशोधक अखेर पोचले ते टायरपाशी. रस्त्यावर झिजलेल्या टायरच्या कणांतलं सिक्स-पीपीडी ओझोनशी मिळून सिक्स-पीपीडी-क्विनोन तयार होतं, आणि ते अगदी थोडं असलं तरी या माशांना मारतं. डिसेंबर २०२० मध्ये हे सायन्स या नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०२३ साली सिक्स-पीपीडी असलेल्या टायरना नियमाखाली घेतलं आणि कंपन्यांना सुरक्षित पर्याय शोधायला भाग पाडलं. आता, तिथला प्रश्न रस्त्यावरच्या झिजेचा आहे, तुझ्या दोन बादल्यांचा नाही. पण मनात येतं की आपण जे खरवडून काढतोय ते तेच आहे. म्हणून सावंतवाडीला घरी असशील तेव्हा हे धुणं विहिरीजवळ किंवा वहाळाच्या काठी करू नकोस. तिथे नुसती माती धू. खोल धुणं पुण्यात, जिथलं पाणी गटारात जातं तिथे. नाहीतर पाणी जपून वापरणाऱ्या वॉशिंग सेंटरला दे, क्लीनर तुझा आणि "पॉलिश नको" ही ताकीद तुझी.

आता तू खाली बसली आहेसच, ब्रश हातात आहे, टायर स्वच्छ आहे. हीच वेळ असते टायर खरा बघायची, आणि मला त्या तपकिरीपेक्षा याची जास्त काळजी आहे. ज्याने तुला टायर बदलायला सांगितलं त्याने हे बघायला हवं होतं, त्याच्याऐवजी तू बघ.

पहिलं, तारीख. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं सुरू होतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, बऱ्याचदा लांबट गोलात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२२ असेल तर २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. कधीकधी हा पूर्ण क्रमांक टायरच्या आतल्या बाजूला असतो, तेव्हा मोबाइल खाली धरून फोटो काढ. तू सेकंडहँड गाडी घेतलीस, तेव्हा चारही चाकांची तारीख एकच आहे का हे मला कळव. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा झाली की दिसायला धडधाकट असला तरी काढा, असं बऱ्याच कंपन्या स्वतः सांगतात.

दुसरं, नक्षी. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतील. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्याच्या सरळ रेषेत बघ. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर उरली, आणि टायरची वेळ संपली. तुझ्या फोटोत खाचा खोल दिसताहेत, पण फोटोवर भरवसा ठेवू नकोस. आंबोलीच्या घाटात पाऊस असताना गोटा झालेला टायर मला तुझ्या गाडीखाली नको.

तिसरं, चिरा आणि फुगवटा. बाजूने तळहात फिरव, डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं. केसाएवढ्या वरवरच्या रेघा वयाने येतात, लक्ष ठेवायचं. चीर इतकी खोल की नख आत जातं, किंवा आतले धागे दिसतात, तर तो टायर काढायचा. कुठे लिंबाएवढा फुगवटा लागला तर त्या दिवशी गाडी लांब न्यायचीच नाही. खड्ड्यात चाक जोरात आपटलं की आतले दोर तुटतात आणि हवा तिथून बाहेर ढकलायला लागते. त्याला दुरुस्ती नाही, कुणी काहीही म्हणो. तपकिरी रंगासाठी चार टायर बदलायचे नसतात. फुगवट्यासाठी एक टायर त्याच दिवशी बदलायचा असतो. पैसे कमी पडले तर मला सांग, संकोच करू नकोस.

हवा महिन्यातून एकदा बघ, गाडी थंड असताना. किती भरायची ते चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे, पंपावरच्या माणसाला विचारू नकोस, तूच त्याला आकडा सांग. कमी हवेवर टायरच्या बाजू जास्त दबतात, जास्त तापतात, आणि चिरा लवकर येतात.

डिकीतली स्टेपनीही एकदा बाहेर काढ. तिला ऊन लागलेलं नसतं म्हणून ती काळीभोर दिसेल, पण तारीख तिचीही वाच आणि हवा तिचीही बघ. जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते तेव्हाच पाहून ठेव. नट तुझ्या ताकदीने सुटतात का हेही एकदा करून बघ, गाडी जॅकवर न चढवता, चाक जमिनीवर असतानाच. नाही सुटले तर लांब दांड्याचा पाना मिळतो, तो मी पुढच्या वेळी येताना घेऊन येते.